मैना आटली तेव्हा

"एक थेंब तर काढून बघितला. त्यात काय बिघडलं, महाराज?"

उत्तमगिरी मैना गाईच्या कासेशी उकिडवा बसला होता. तळहातावरचा दुधाचा थेंब उन्हात धरून तो त्यात गुठळी शोधत होता.

मागे त्याचे गुरू हिरागिरी महाराज उभे होते.

मठाचा गोठा उत्तमगिरीकडे होता आणि त्याला त्याचा भारी अभिमान. तसं कारणही होतं. दुभत्या गाईंखालची फरशी एवढी लख्ख, की खुशाल पंगत बसवावी. येणारेजाणारे वाखाणायचे, हा मान खाली घालायचा. पण कान मात्र टवकारलेलेच असायचे.

मैना तेवढी मागच्या अंगाला होती. ती गाभण होती, दूध आटलं होतं. आटलेली गाय मागं बांधायची, असा मठाचा जुना रिवाज. तिथं हौदाचं सांडपाणी यायचं आणि कायम राडा असायचा.

गेल्या खेपेला अशीच आटलेली असताना तिच्या कासेला दगडीचा रोग झाला होता. सूज आली, पू झाला, एक सड कायमचा गेला. आई मेलेल्या मैनेला उत्तमगिरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्या दिवसांत त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता आणखी एखादा सड गेला, तर येणारं वासरू पिणार काय? या घोरानं बिचारा अर्धा झाला होता.

"डॉक्टर काय सांगून गेले?" महाराजांनी विचारलं.

"शेवटची धार काढून सडात औषध भरलं. म्हणाले, आता व्याईपर्यंत पिळू नका. सडाचं तोंड आतून आपोआप बुजतं, ते बुजू द्या."

"मग?"

"डॉक्टर गेले निघून, महाराज. जीव माझा टांगणीला! गेल्या खेपेला रोज एकदा पिळून बघत होतो, तरी झालंच. म्हणून यंदा दोनदा बघतो."

महाराज मठाकडं वळले.

"चल. आज तू ध्यानाला बस. आतल्या खोलीत."

उत्तमगिरीचा चेहरा उजळला. आतली खोली मिळावी म्हणून तो किती दिवस मागं लागला होता!

"दार नीट लावून घे," महाराज म्हणाले.

त्यानं दार लावलं, मांडी घातली, डोळे मिटले. श्वास कुठं संथ होतो न होतो, तोच दार करकरलं.

"लागलं का रे ध्यान?"

"अजून नाही, महाराज."

महाराज गेले. उत्तमगिरीनं उठून दार लावलं. पुन्हा बसला. पुन्हा करकर.

"आता?"

"नाही, महाराज..."

या वेळी दोन माश्या आत आल्या आणि नाकावरच बसल्या. त्यानं त्या सोसल्या. पुढच्या खेपेला दारातून कोंबडी शिरली आणि आसनावर चोच मारू लागली. मागून महाराजांचं डोकं आलंच.

"बसलास ना नीट? काही होत तर नाही ना?"

उत्तमगिरीचा संयम संपला.

"महाराज, दार मिटू तरी द्या! घडीघडी उघडलंत तर ध्यान लागायचं कसं? आत नको ते शिरतंय!"

"तुझी काळजी वाटती रे, लेकरा."

उत्तमगिरीनं कोंबडीला हाकलायला हात उचलला.

त्याची नजर आपल्याच तळहातावर गेली. दुधाचा डाग तिथं वाळला होता.

"म्हणजे... गेल्या खेपेला दार मीच उघडत होतो?"

महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. उत्तमगिरी ओक्साबोक्शी रडला. कोंबडी भिऊन पळाली, तरी महाराज तिथंच उभे होते.

डोळे पुसून तो गोठ्यात गेला, मागोमाग महाराज. त्याला बघताच मैनेनं सवयीनं मागचा पाय बाजूला सरकवला, पिळून घ्यायला. तिचा तो शहाणपणा बघून त्याला पुन्हा भरून आलं. हात कासेकडं गेला... आणि त्यानं तो ओढून घेतला.

"हिच्यासाठी मी करू तरी काय, महाराज? नुसता बघत उभा राहू?"

मैना हळूच खाली बसली. सगळी कास त्या शेणाच्या राड्यात टेकली.

उत्तमगिरी बघतच राहिला. हा राडा रोज समोर होता, त्याला दिसलाच नव्हता...

महाराज दुभत्या गाईंकडं गेले. भिंतीला टेकलेला खराटा उचलून त्यांनी त्याच्या हातात दिला.

"तिला दार लावू दे. तू अंगण झाड."