चार टक्के

"...मग काय, मागेच राहायचं का, भन्ते?"

यशोधन खोब्रागडेचा आवाज त्या लहानशा विहारात जरा जास्तच मोठा झाला. 

भन्ते विनयरक्खित भिंतीला टेकून बसले होते. वय ऐंशीच्या घरात. चीवर घेण्याआधी तीस वर्षं दारूगोळा कारखान्यात फिटर होते. यशोधनची आई त्यांना भोजनदान द्यायला यायची, तेव्हापासून ते त्याला ओळखत होते. आज तो सकाळच्या विमानाने बंगळूरहून नागपूरला उतरला होता, आणि तिथून टॅक्सीने थेट या टेकडीवर आला होता.

"कुणाच्या मागे?" भन्तेंनी विचारलं.

"दुसऱ्या कंपनीच्या. आम्ही प्रोसेसर बनवतो, भन्ते. कॉम्प्युटरचा मेंदूच म्हणा. टेबलावरच्या सगळ्यात महागड्या कॉम्प्युटरमध्ये बसतो तो. आमच्या तोडीची कंपनी ती एकच. एका वर्षी आम्ही पुढे, एका वर्षी ते."

"यंदा?"

"यंदा ते. चार टक्क्यांनी."

"हे कशावरून ठरतं?"

"चाचणी असते. दोन्ही प्रोसेसरना एकच चित्र काढायला लावतात. एक खोली, खिडकीतून येणारं ऊन, टेबलावर काचेचं भांडं. जो आधी काढेल तो पुढे."

"चित्र चांगलं येतं?"

"दोघांचं अगदी सारखं येतं."

"मग त्याचं काय करतात?"

"पुसून टाकतात... पुन्हा काढायला लावतात."

भन्तेंनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, ते यशोधनला कळलं नाही.

"मग पुढे जा की," ते म्हणाले. "अडलंय कुठे?"

यशोधनने खिशातून फोन काढून समोर चटईवर ठेवला.

"जाता येईल. विजेच्या दाबाला आम्ही एक मर्यादा घातलेली असते. ती थोडी उचलली की आम्ही सहा टक्क्यांनी पुढे जातो. वरिष्ठांचं ठरलंय. दोन वाजेपर्यंत या फोनवरून माझी सही हवी आहे."

"आणि उचलली तर?"

"चिप आतून झिजते. आज नाही, वर्षा-दीड वर्षाने. कुणी दोन दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला कॉम्प्युटर काम करता करता बंद पडेल. का पडला, ते त्याला कधी कळणारही नाही."

"हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. पण त्या बाईसमोर हरायचं, हे मला सोसत नाही, भन्ते!"

"कोण बाई?"



"केतकी हेबळे. त्या दुसऱ्या कंपनीचं डिझाइन तीच बघते. सहा वर्षं माझ्या शेजारी बसायची. सगळं मीच शिकवलं तिला."

"का गेली?"

"तिच्या एका कामाखाली मी माझं नाव घातलं होतं..."

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. 

"तिला काय शिकवलंस?"

"हेच. मर्यादा उचलायची नाही म्हणून. कितीही ओरडा झाला तरी."

"उचलली तिने?"

"नाही. न उचलताच पुढे गेली."

"म्हणजे तुझं शिकवणं पुढे गेलं. आणि तू त्याला हरवायला निघालास."

 आनंद व्हावा की राग यावा, तेच यशोधनला उमजेना.

भन्तेंनी चटईवरचा फोन उचलून त्याच्यापुढे धरला.

"लाव तिला. अभिनंदन कर."

"आत्ता? चार वर्षांत एक शब्द बोललो नाही आम्ही..."

 भन्तेंनी हात मागे घेतला नाही. यशोधनने फोन घेऊन तिला लावला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"सर? तुम्ही?"

"अभिनंदन, केतकी. चाचणीचा निकाल बघितला. छान काम केलंस."

 मग केतकीचा आवाज आला. विहारात तो स्पष्ट ऐकू येत होता.

"सर, इथे कुणी आनंदात नाहीये. सगळे म्हणतात, तुमची कंपनी आता दाब वाढवणार, म्हणून आपण आधीच वाढवायचा. संध्याकाळपर्यंत मला हो किंवा नाही सांगायचंय... तुमच्याकडे काय चाललंय ते विचारत नाही. सांगूही नका. फक्त माझे सर म्हणून सांगा. वाढवू का?"

 यशोधनने फोनवर तळवा दाबून धरला.

"भन्ते, हिला काय सांगू?"

"मला कुठे विचारलंय तिने?"

यशोधनने तळवा काढला. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं, तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "नको, केतकी. वाढवू नकोस."

"बरं, सर."

तिने का म्हणूनही विचारलं नाही. फोन ठेवला.

यशोधन फोनकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला.

"भन्ते... हे काय झालं? ती माझं ऐकणार. ती वाढवणार नाही. आता मी सही केली, तर मी नक्की जिंकलो. मी खरं तेच सांगितलं, आणि तिलाच फसवल्यासारखं झालं!"

"मग कर सही," भन्ते म्हणाले. "आता तुझ्यापुढे कुणीच नाही."

यशोधन बसून राहिला. उठला. दारापर्यंत गेला, परत आला. पुन्हा बसला.

पावणेदोनला ऑफिसचा फोन आला.

"नाही," तो म्हणाला. "मर्यादा आहे तीच राहू दे... हो, मागे राहू... माझ्या जागी दुसरा कुणी सही करणार असेल, तर मर्यादा का उचलायची नाही ते मी आधी लेखी देतो. ते वाचून त्याने करावी."

पलीकडचा आवाज चढला. बराच वेळ चढलेलाच राहिला.  शेवटी पलीकडच्याने विचार करतो म्हणून फोन ठेवला.

भन्ते डोळे मिटून बसले होते.

"भन्ते," तो हळूच म्हणाला. "हे मी कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी केलं, की तिच्यासाठी, की मलाच लाज वाटली म्हणून? जिंकलो की हरलो? मला काहीच कळत नाही."

भन्तेंनी डोळे उघडले.

"कळलं असतं, तर केलं नसतंस."