गावाची भांडी

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरातून उतरणारी एक नदी जिथे सपाटीला लागते, तिथे एक गाव होतं. नदीकाठच्या दगडी बांधाच्या भरवशावर ते निर्धास्त राहायचं. एका वर्षी पावसाने ताळ सोडला आणि बांध फुटला. दुपारपर्यंत जिथे गाव होतं, तिथे संध्याकाळी नुसता चिखल उरला.

घरं पडली, गुरं वाहून गेली, कितीतरी घरांतलं एखादं माणूसही गेलं. म्हाळोजी गवंड्याचा तरणा मुलगा गोठ्यातली गाय सोडवायला गेला, तो परत आलाच नाही.

राजा मनाचा मोठा होता. त्याने धान्य पाठवलं, लाकूड, कौलं पाठवली, बांधासाठी दगडही पाठवले. प्रधान स्वतः चिखलात उभा राहिला आणि एकही घर मदतीवाचून राहू नये म्हणून दारोदार फिरला. थंडी पडेपर्यंत घरांवर छपरं चढली.

पण गावाचं काहीतरी बिनसलंच होतं. शेजाऱ्याला सागाचं लाकूड आणि मला जंगली, एवढ्यावरून माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. ठरलेली लग्नं पुढे ढकलली गेली. बांधाच्या कामाला चार माणसं यायची, जेवायला घरी जायची, ती पुन्हा फिरकायची नाहीत. म्हाळोजी तर दार लोटून बसला तो बसलाच. दगड नदीकाठी तसेच पडून होते आणि पुढचा पावसाळा काही थांबणार नव्हता.

त्या गावात पंगतीचा स्वयंपाक करणारी एक मंडळी होती. लग्न असो, बारसं असो, नाहीतर तेराव्याचं जेवण असो, ती बोलावण्याची वाट न बघता हजर व्हायची. गिरजाबाई त्यांच्यातली वडीलधारी. गावाचे मोठाले हंडे, पराती, पातेली देवळामागच्या खोलीत असायची. पुरात त्या खोलीची भिंतसुद्धा उरली नव्हती.

गिरजाबाई आपल्या मंडळीला घेऊन राजधानीला चालत गेली आणि तिने भांडी मागितली. प्रधानाने तिला नीट समजावलं की प्रत्येक घराला तवा, पातेलं, तांब्या आधीच पोचलेला आहे, आणि मदत ज्याचं गेलं त्यालाच देता येते. मग त्याने विचारलं, "ही भांडी होती कुणाची?"

"कुणा एकाची नव्हती, प्रधानजी," गिरजाबाई म्हणाली. "म्हणूनच ती गेली तेव्हा कुणी रडलं नाही, आणि मागायलाही कुणी आलं नाही."

राजा ऐकत होता. एवढ्या मोठ्या भांड्यांत आता काय शिजवणार, असं त्याने विचारलं. गिरजाबाईने सांगितलं की बांधावर रोज दुपारी सगळ्यांचं जेवण करायचं आहे. घरी जेवायला बसलं की ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर रिकामा पाट येतो. मग माणूस उठून बाहेर पडत नाही.

राजाने भांडी द्यायला सांगितली आणि सोबत पीठमीठही दिलं.

पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी झाली. वासाने आधी मुलं आली, मुलांमागून आया आल्या, मग पुरुष आले. लाकडावरून अबोला धरलेले दोघे शेजारी नेमके एकाच ओळीत आले. एकाने मीठ मागितलं आणि दुसऱ्याने न बोलता पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून एक दगड उचलला.

म्हाळोजी मात्र येत नव्हता, आणि त्याच्यावाचून दगड नीट बसत नव्हते. बायका म्हणाल्या, त्याचं ताट घरी पोचवू. गिरजाबाईने नको म्हटलं. ती त्याच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसली. मुलाचं नाव तिने काढलं नाही की कामाचंही काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हाळोजी, आमटीचा हंडा चुलीवरून उतरत नाहीये रे. जरा हात लावतोस का?"

म्हाळोजी उठला. त्याने हंडा उतरवला आणि परत फिरू लागला. तेवढ्यात पंगतीत कुणीतरी सरकून जागा केली. तो क्षणभर थांबला आणि खाली बसला. घास हातात घेऊन तो हळूच म्हणाला, "आमच्या पोराला पंगतीत वाढायला फार आवडायचं."

बऱ्याच जणांनी डोळे पुसले, आणि म्हाळोजी पोटभर जेवला. जेवण झाल्यावर तो दगडांपाशी गेला. एक दगड पायाने दाबून बघत म्हणाला, "हा असा नाही बसायचा." त्याने तो फिरवून बसवला आणि दुसऱ्या दगडाला हात घातला.

पावसाआधी बांध पुरा झाला. त्या वर्षीही नदी तेवढीच चढली, बांधाला लागली आणि आल्या वाटेने ओसरली. पाऊस सरल्यावर अडलेली लग्नं लागली.

तेव्हापासून कुठल्याही गावावर संकट आलं की राजा घरोघर मदत पाठवायचाच. पण त्याबरोबर प्रधान गाव गोळा करून आणखी एक गोष्ट विचारायचा, "तुमचं सगळ्यांचं मिळून काय गेलं?"

तात्पर्य: संकटानंतर ज्याचं त्याचं गेलेलं भरून द्यावंच, पण सगळ्यांचं मिळून जे गेलं तेही उभं करावं, त्याशिवाय गाव सावरत नाही.