परतीचं भाडं

नद्यांवर अजून पूल नव्हते, पलीकडे जायचं तर नावाड्याला विनवावं लागे, त्या काळची ही गोष्ट.

एका गावात एक कोष्टी होता. घासाघीस करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पाच वांगी घेतली की सहावं मागणार, सहावं मिळालं की वर कोथिंबीर मागणार. अशा माणसाला आपण हुशार म्हणतो. मीही म्हणायचो.

एकदा त्याची लेक बकुळा तापाने फणफणली. वैद्य नदीपलीकडे. कोष्टी जोंधळ्याची पिशवी घेऊन सकाळीच घाटावर आला.

घाटावर एक म्हातारी नाव चालवायची. भाडं दोन मापं जोंधळे. एक जायचं, एक यायचं, आणि दोन्ही आधीच.

"पोरीला औषध आणायला निघालोय. परतीचं आत्ताच कशाला, आजी?"

"या नदीची रीत आहे, बाबा. परतीचं भाडं आपल्या घरच्या काठावरच द्यायचं."

"ही तर लुबाडणूक झाली!"

इतक्यात लव्हाळ्यातून एक राखाडी नाव पुढे आली. नावाड्याने तोंडावरून घोंगडी ओढली होती. "मूठभर दे," तो म्हणाला. "फक्त जायचं."

कोष्टी टुणकन उडी मारून चढला. "अरे, पोर वाट बघेल तुझी!" म्हातारी ओरडली. त्याने मागे पाहिलंही नाही. वल्ही पाण्यात पडत होती, पण आवाज होत नव्हता.

पलीकडे वाळूत काही माणसं गाठोडी घेऊन गप्प बसली होती. एकाच्या गाठोड्यावर शेवाळ चढलं होतं.

"तुम्ही कितीत आलात?" कोष्ट्याने विचारलं.

"मूठभर."

"मीही!" कोष्टी हसला. दुसरं कुणीच हसलं नाही.

वैद्याकडून पुड्या घेऊन तो दुपारी काठावर परतला, तर राखाडी नाव नव्हती. संध्याकाळी म्हातारीची नाव लागली. कोष्टी धावत जाऊन तीत बसला. "घे आजी, अख्खी पिशवी घे!"

म्हातारीने वल्हं रेटलं. नाव खडकात रुतल्यासारखी जागची हलेना. तो उतरला आणि नाव आपसूक तरंगू लागली.

"इथे दिलेलं चालत नाही रे," म्हातारीचे डोळे भरून आले.

 कोष्ट्याने पुड्या पुढे केल्या. "एवढं तरी ने, आजी."

"औषधाला भाडं नाही," पुड्या पदरात बांधत ती म्हणाली.

तीन दिवसांत बकुळा बरी झाली. तेव्हापासून ती रोज घाटावर येऊन हाक मारते, "बाबा!" त्याला ती स्पष्ट ऐकू येते. तोही जीव तोडून ओ देतो. त्याची ओ मात्र पाण्यापलीकडे पोचत नाही.

एका सकाळी राखाडी नाव पुन्हा लागली. एक गुबगुबीत गृहस्थ खुशीत खाली उतरले.

"अहो, किती स्वस्तात आलो सांगू?"

कोष्टी थोडा सरकला आणि वाळूत त्यांना बसायला जागा करून दिली.

तात्पर्य: प्रवास स्वस्त पडला की महाग, हे घरी पोचल्यावरच ठरतं.