हळद लागलेली दोरी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा खाडीत मासे माणसांहून जास्त होते आणि गावात मतं माशांहून जास्त. अशा एका खाडीकाठच्या गावात एक विधवा बाई राहत होती. नवऱ्याने मागे तीन गोष्टी ठेवल्या होत्या. एक झोपडं, एक बांबूची काठी आणि खाडीच्या मुखाशी असलेला एक खडक.

त्या गावात खडकाला शेताइतकी किंमत होती. भाद्रपदातल्या अमावस्येच्या उधाणाला समुद्रातले मोठे जिताडे खाडीत शिरत. त्या दिवशी जाळं टाकायचं नाही, प्रत्येक घरातल्या एकाने आपल्या खडकावर बसून काठीने आणि गळाने मासा धरायचा, असा रिवाज होता. जो तीन वर्षं लागोपाठ रिकाम्या हाताने परतेल, त्याचा खडक दुसऱ्याला जाई. बाकीचे लोक काठाजवळच्या उथळ पाण्यात वीतभर पिल्लं धरून आपापले खडक राखून होते. बाईचा खडक मात्र सगळ्यात पुढे, खोल पाण्यावर. तिथे येणारा जिताडा वीतभर नसे. दोन वर्षं तो आला, गळाला लागला आणि दोरी तोडून निघून गेला. हे तिसरं वर्ष होतं. या खेपेला हात रिकामे राहिले तर खडक पाटलाच्या पुतण्याला मिळणार होता, आणि बाईला उरलेलं आयुष्य चिखलात निवट्यांसारखे बारके मासे वेचत काढावं लागणार होतं.

पुतण्याने खडकावर बसायला पाटही करून ठेवला होता.

आता दोरी का तुटे, हे कोणालाही सांगता आलं असतं; पण सांगायची पद्धत नव्हती. उधाणाच्या आदल्या दिवशी सगळे आपापल्या काठ्या देवळाच्या ओसरीवर मांडत. काठ्यांना तेल लावलेलं असे, गोंडे बांधलेले असत. पुजारीबुवा प्रत्येक दोरीला हळद लावत. एकदा हळद लागली की ती दोरी बदलायची नाही (मासा तोडून गेला तर उरलेल्या टोकालाच नवा गळ बांधायचा), कापायची नाही, आणि ओढून तर मुळीच बघायची नाही. आदल्या दिवशी दोरी तुटली तर वर्ष तुटलं, असा समज होता. त्यामुळे जितकी दोरी जुनी तितका तिचा मान मोठा. पाटलाची दोरी त्याच्या आजोबांची होती. तिच्यावर हळदीचे इतके थर होते, की आत दोरी आहे की नाही हे पुजारीबुवांनाही ठाऊक नव्हतं.

साहजिकच गावात धरलेल्या जिताड्यांपेक्षा सुटलेले जिताडे जास्त होते. सुटलेल्यांचं वजन दरवर्षी वाढत असे.

त्या वर्षी आदल्या दिवशी सकाळी बाईने नवऱ्याच्या काठीची दोरी सोडून घेतली. अंगणातल्या आंब्याला तिचं एक टोक बांधलं, दुसरं कमरेला गुंडाळलं आणि सगळा भार टाकून मागे रेलली. दोरी तुटली. बाई धुळीत बसली.

शेजारची जाऊ सूप घेऊन दारात उभी होती. तिने सूप खाली ठेवलं.

"बाई गं, काय केलंत हे? हळदीची दोरी."

"हळदीचीच होती. आत सूत कुजलं होतं."

"अहो, पण उद्या उधाण."

"म्हणूनच आज तोडली. उद्या तोडायला जिताडा आहे."

जाऊने ही बातमी कोणालाही सांगितली नाही. फक्त विहिरीवर बोलली. दुपारपर्यंत अंगणात अर्धं गाव जमलं.

तोवर बाईने नवीन सूत तिपेडी वळलं होतं, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवलं होतं आणि पुन्हा आंब्याला बांधलं होतं. लोकांच्या डोळ्यांदेखत ती दोरीही तुटली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "दोन वर्षं तुटली हिची." बाईने तुटलेलं टोक बोटांत फिरवून पाहिलं. एक पेड सैल वळला गेला होता. तिने खाली बसून पुन्हा वळायला घेतलं.

मग गळही तिने सगळ्यांसमोर दगडावर घासला. अंगठ्याच्या नखावर टोक टेकवलं. घसरलं की पुन्हा घासायचा, रुतलं की गळ बाजूला ठेवायचा. गाठ मारताना ती आधी जिभेवर ओली करत होती, म्हणजे आवळताना सूत जळत नाही.

पुजारीबुवा पुढे झाले. "बाई, देवीच्या हळदीचा हा अपमान आहे."

"बुवा, देवीला मी रोज फूल वाहते. पण दोरी तिने वळलेली नाही, माझ्या सासऱ्यांनी वळली होती. त्यांचा हात तेव्हाही सैल होता."

मागे दोघे-तिघे हसले आणि पाटलाने वळून पाहताच खोकायला लागले.

पाटील तसा मऊ बोलणारा माणूस. त्याने बाईला बाजूला घेतलं. "वहिनी, तुमच्या वाईटावर मी नाही. एक करा. ही नवी दोरी टाकून द्या. देवळातली जुनी हळदीची दोरी मी तुम्हाला देतो. देवीपुढे चारचौघांत नाक घासा, चूक झाली म्हणा. मी गावाला सांगून तुम्हाला चौथं वर्ष देववतो. पुतण्या थांबेल."

बाईने मनात हिशोब केला. चौथं वर्ष म्हणजे थोडंथोडकं नव्हे. वर्षभर खडक राहणार, वर्षभर कोणी चिखलात ढकलणार नाही. नाक तर काय, घासलं तरी जागेवरच राहतं. तिने पाटलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरंच मनापासून बोलत होता, हीच अडचण होती.

"आणि चौथ्या वर्षी कोणती दोरी?" तिने विचारलं.

"हीच. हळदीची."

"म्हणजे जिताडा चौथ्या वर्षीही जाणार. मग तुम्ही मला पाचवं द्याल, सहावं द्याल. मी दरवर्षी नाक घासायचं आणि तुम्ही दरवर्षी दया करायची. नको, पाटील. यंदाचा खडक अजून माझा आहे. उद्या मी माझ्या दोरीने बसेन."

"मग हात रिकामे राहिले तर संध्याकाळीच खडक गेला. दयामाया नाही."

"ते बरं," बाई म्हणाली, आणि तिसरी दोरी आंब्याला बांधून मागे रेलली. दोरी करकरली, ताणली गेली, पण तुटली नाही. ती पुन्हा रेलली. मग जाऊला म्हणाली, "तुम्हीही धरा जरा." जाऊ अंगाने भरलेली होती. ती नको नको म्हणत आली आणि दोघी मिळून रेलल्या. आंब्याची फांदी वाकली. दोरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी भरती चढली आणि जिताडे आले. पाटलाच्या गळाला पहिला लागला. आजोबांच्या दोरीने त्याला क्षणभर मान दिला आणि मग ती हळदीसकट विरघळल्यासारखी सुटली. उथळ पाण्यातही त्या वर्षी मासा मोठा होता. एकामागून एक दोऱ्या तुटू लागल्या. खडकाखडकावरून एकच वाक्य ऐकू येत होतं, "केवढा होता म्हणून सांगू."

बाईच्या गळाला लावलेली कोळंबी गिळली गेली तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. काठी वाकली, आणि काडकन मोडली. दोरीची परीक्षा घेण्याच्या नादात काठीची राहून गेली होती. बांबूला आतून भुंगा लागला होता. किनाऱ्यावरून हायसं वाटल्याचा आवाज आला. बाईने मोडकी काठी सोडून दिली, दोरी हाताला गुंडाळली आणि खडकाच्या खाचेत टाच रोवली. मासा ओढायचा, ती सैल सोडायची. तो दमायचा, ती ओढायची. तळहात चिरला, दोरी लाल झाली, पण दोरी आली आणि दोरीमागून जिताडा आला. तो घरी न्यायला दोन माणसं लागली. त्यातला एक पाटलाचा पुतण्या होता, पाट घेऊन आला होता म्हणून. पाटावर मासा नीट मावला.

खडक बाईकडे राहिला. संध्याकाळी देवळात बैठक झाली. पुजारीबुवांनी बराच विचार करून उलगडा केला: आदल्या दिवशी दोरी तोडल्यामुळे बाईचा सगळा अपशकुन आधीच निघून गेला होता. गावाला हे एकदम पटलं.

पुढच्या वर्षी नवा रिवाज सुरू झाला. आदल्या दिवशी ओसरीवर एक बारीक सुताची दोरी ताणून बांधायची, तिला झेंडूचं फूल लावायचं आणि वाद्यांच्या गजरात ती तोडायची. बाकीच्यांनी आपापल्या जुन्या दोऱ्या त्यावरून ओवाळायच्या. पहिला मान अर्थातच बाईला देण्यात आला.

"या वहिनी," पाटील म्हणाला, "तोडा."

बाईने त्या सुताकडे पाहिलं. ते फुंकरीने तुटलं असतं. "ही नको," ती म्हणाली. "तुमची काठी आणा पाटील, तुमची दोरी तोडते."

पाटलाने काठी उचलून छातीशी धरली. वाजंत्री थांबली. कोणीच काठी पुढे केली नाही, तेव्हा बाई ओसरी उतरून घरी गेली आणि नव्या काठीच्या बांबूवर गुडघा रोवून तो मोडतो का, हे बघत बसली.

थोड्या वेळाने परसात पावलं वाजली. जाऊ काठी पदराआड लपवून आली होती.

"ओढून बघायची होती जरा. मागच्या दाराने आले, कोणी पाहिलं नाही."

"पुढच्या दाराने या," बाई म्हणाली. "आंबा पुढे आहे."

जाऊने मागच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग पदर सारून, काठी खांद्यावर टाकून, भर रस्त्याने वळसा घालून पुढच्या अंगणात आली.

तात्पर्य काढायचंच तर इतकं: जी गोष्ट ओढून बघायला मनाई असते, ती बहुधा आतून कुजलेली असते. म्हणून ती आदल्या दिवशी ओढावी, आणि चारचौघांत ओढावी.