रकान्यातलं उत्तर

“मग अजून कमी काय आहे माझ्यात, गुरुजी?”

भागवत खाडेनं तिसऱ्यांदा विचारलं. विश्वंभर गुरुजी देवळाच्या ओसरीवर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. पहिल्या दोन्ही वेळा ते पुढची शेंग सोलत राहिले होते.

“किती शिकलास?”

भागवत याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं मांडीवरची फाईल उघडली.

“बी.ए. मग डी.एड. मग बी.एड. मग एम.ए. टीईटीचे दोन्ही पेपर पास. भरतीची अभियोग्यता चाचणी तीनदा दिली. गेल्या खेपेला दोनशेपैकी एकशे एकोणचाळीस.”

“मग?”

“यादी एकशे एक्केचाळीसला थांबली.”

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं गाव म्हणे. म्हणायला गावाचं काय जातं? बारा वर्षं हा गडी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला, आणि भरतीची वरात दर वेळी दुसऱ्याच्याच दारी. आता महिनाभरानं वयाची अट उलटणार होती.

उद्या सकाळी जिल्ह्याच्या गावी त्याच चाचणीचा पेपर होता. शेवटचा. हॉलतिकीट खिशात होतं. आणि आज बारा वाजता ठेकेदाराची जीप फाट्यावर येणार होती. चाकणला एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची जागा होती. आज गेला तर ती जागा त्याची, नाहीतर मागे चार जण उभेच होते.

पेपर द्यायचा की जीपमध्ये बसायचं, एवढंच विचारायला तो आला होता. पण माणूस एम.ए. झालेला. सरळ विचारेल तर शपथ!

“तुम्ही कशावर लागलात, गुरुजी?”

“सातवीवर.”

“मुलाखत तरी झाली का?”

“झाली की. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले होते. म्हणले, लेकराचा शेंबूड पुसशील का?”

“मग?”

“पुसीन म्हणलं.”

“एवढंच?”

“एवढ्यातच सगळी नोकरी गेली, बाबा.”

भागवत हसला, पण पोटातून जळला. सातवी शिकलेल्याला जन्मभर वर्ग, आणि आपल्याला गेट! वास्तविक ह्याच गुरुजींनी त्याला पहिलीत हात धरून गिरवायला शिकवलं होतं. शाळेला तेव्हा खोली नव्हती. वर्ग ह्याच देवळात भरायचा. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी देवळामागंच बिऱ्हाड केलं, आणि गावानं त्यांना देवीइतकंच गृहीत धरलं.

“बघू,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी फाईल घेतली. गुणपत्रकं भराभर उलटली, एकही वाचलं नाही. तळाशी एक जाड वही होती, निळ्या कव्हराची. तिथं त्यांचा हात थांबला.

“हे काय?”

“पाठ टाचणाची वही. डी.एड.ची.” भागवत सावरून बसला. “सराव पाठात पहिला आलो होतो. प्राचार्यांचा शेरा आहे बघा. उत्कृष्ट.”

प्रत्येक पानावर पट्टीनं मधोमध रेघ मारलेली होती. डावीकडे ‘शिक्षक कृती’. उजवीकडे ‘विद्यार्थी कृती’. अक्षर मात्र खरंच देखणं.

“ह्या उजव्या बाजूला काय लिहिलंस?”

“मुलांची उत्तरं.”

“पाठ झाल्यावर लिहिलीस?”

“नाही. आधी.”

“...लेकरं बोलायच्या आधी?”

“लिहावीच लागतात, गुरुजी. तसा रकानाच आहे. अपेक्षित उत्तर.”

“अन् लेकरं तसंच बोलायची?”

“तंतोतंत! आम्ही सगळे तालुक्याच्या एकाच शाळेत पाठ घ्यायचो. तेच पाठ ऐकून ऐकून पोरं इतकी तयार झाली होती, की प्रश्न अर्धा असतानाच उत्तर यायचं.”

हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. बारा वर्षांत त्याच्या वाट्याला आलेलं तेवढंच काय ते यश.

गुरुजींनी शेंगांची पाटी बाजूला सारली. गुडघ्यावर हात टेकत ते पायऱ्या उतरले आणि अंगणात, खाली मातीत बसले. मांडी घातली. हाताची घडी केली. मग एक हात सोडवून तोंडावर बोट ठेवलं.

ऐंशी उलटलेला माणूस तो.

“हे काय, गुरुजी? उठा. कुणी बघंल.”

“घे.”

“काय?”

“पाठ. मी पहिलीतला.”

भागवतनं इकडंतिकडं पाहिलं. अंगणात चिटपाखरू नव्हतं. कारखाने सुरू होऊन दीड महिना झाला होता. निम्मं गाव ऊस तोडायला गेलं होतं, आणि उरलेलं गाव म्हातारं होतं.

मग त्याला वाटलं, होऊन जाऊ दे. दाखवूच एकदा.

त्यानं उभं राहून वही उघडली. पाठ तिसरा. विषय, माझे कुटुंब. त्यानं घसा साफ केला, ओठांवर हसू आणलं. प्रस्तावनेच्या वेळी हसतमुख राहावं, असं शिकवलं होतं.

“बाळ, संध्याकाळी तुला जेवायला कोण वाढतं?”

गुरुजींनी बोट काढलं.

“मीच घेतो वाढून, गुरुजी.”

भागवत अडखळला. बारा वर्षांत त्याला कुणी गुरुजी म्हटलं नव्हतं.

त्यानं वहीत पाहिलं. उजव्या रकान्यात एकच शब्द होता, दोनदा अधोरेखित केलेला. आई.

“नाही, बाळ. नीट विचार कर. कोण वाढतं?”

“मीच. बहिणीला बी मीच वाढतो. ती लहान हाय.”

“आणि... आई?”

“कारखान्यावर.”

“बाबा?”

“ते बी.”

“मग घरी कोण असतं?”

“आज्जी. तिला दिसत नाही.”

भागवतच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं होतं, ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही ‘आई’ म्हणा. पुढचा प्रश्न त्याच्यावरच आहे.”

गुरुजींनी मान वर केली. डोळे मोठे केले.

“आई म्हणलं की येती का?”

भागवतनं वही मिटली.

त्याची स्वतःची आई दर साली दसऱ्यानंतर जायची आणि पाडव्याला यायची. आंधळी आज्जी त्याचीच होती. सातव्या वर्षी तो स्वतः भाकरी मोडून बहिणीच्या ताटात घालत होता. हे सगळं त्याला ठाऊक होतं, त्यानं ते भोगलं होतं. आणि तरी वसतिगृहात बसून, पट्टीनं रेघ मारून, सुंदर अक्षरात त्यानंच त्या रकान्यात ‘आई’ लिहिलं होतं. दुसरं काही लिहिता येईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. प्राचार्यांना आवडलं. त्यालाही आवडलं होतं.

त्याला स्वतःची शिसारी आली.

तो पायरीवर बसला.

“मला काही येत नाही, गुरुजी. एवढी वर्षं घातली... काही येत नाही.”

गुरुजी मातीत बसून होते. तोंडावर बोट.

“उद्या पेपर आहे. ह्यातलं काही त्यात विचारत नाहीत. पास झालो तरी जागा निघतील का, कुणाला ठाऊक? अन् निघाल्या, तरी मी असा... मी काय शिकवणार लेकरांना?”

गुरुजींचं बोट तसंच.

“तुम्ही तरी सांगा. पेपर देऊ, का जाऊ चाकणला?”

त्यानं गुरुजींना उठवायला हात पुढं केला.

“गुरुजी, उठा आता. पुरे झालं. तुम्ही जे म्हणाल ते करतो. देवीसमोर बोलतो.”

फाट्यावरून हॉर्न आला. जीप वेळेवर आली होती. नोकरीचं कुठलंच पाऊल त्याच्यासाठी कधी वेळेवर पडलं नव्हतं, आणि हे मेलं अगदी ठोक्याला पडलं.

भागवतनं डोळे पुसले. गुणपत्रकं गोळा केली, वही त्यांच्याखाली घातली, दोरीची गाठ मारली. गाठ दोनदा सुटली. हॉर्न पुन्हा वाजला, ह्या वेळी लांबलचक.

तो उठला. पाया पडायला वाकला, पण मातीत मांडी घालून बसलेल्या माणसाचे पाय त्याला सापडेनात. तसाच तो सरळ झाला, आणि फाट्याकडे वळला.

चार पावलं गेला असेल.

मागं गुरुजींनी तोंडावरचं बोट काढलं.

“गुरुजी... तुमी बी चाललात का?”