अळणी वाटी

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक खानावळवाली होती. घाट चढणारे गाडीवान तिथं बैल सोडत, तिच्याकडं मटण-भाकरी जेवत आणि मग पुढं निघत. नवरा गेल्यापासून तिचं घर याच चुलीवर चाललं होतं.

तिचा एक हट्ट होता. बोकड घ्यायचा तो डोंगरावर चरलेला, कोवळा आणि स्वतः पारखून. अशा बोकडाचे धनगर दुप्पट पैसे मागायचा आणि ती मुकाट्यानं द्यायची. त्यामुळं तिच्या ताटात मटणाच्या फोडी मोजक्याच पडत.

एके दिवशी रस्त्यापलीकडं दुसरी खानावळ उघडली. तिथला मालक बाजार उठताना उरलेली म्हातारी, थकलेली जनावरं निम्म्या किमतीत उचलायचा आणि त्यांच्यावर असा लालभडक मसाला ओतायचा, की जेवणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यावं. त्या घामाघूम अवस्थेत आपण काय खातोय, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पैसे तिच्याइतकेच, ताट मात्र शिगोशीग भरलेलं. पुढं चढायचा घाट मोठा, त्यामुळं गाडीवानांना ताटही मोठं हवं होतं. बघता बघता तिची पंगत ओस पडली.

"आक्का, तू बी स्वस्तातलं जनावर घे," तिचा भाऊ म्हणाला. चूल तोच सांभाळायचा. "मसाला दुप्पट टाकू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"तुला कळून काय उपेग? असंच चाललं तर पुढच्या बाजारापर्यंत खानावळीला कुलूप लागंल."

तो खोटं बोलत नव्हता. भीती तिलाही वाटत होती आणि स्वस्तातला बोकड तिच्याही मनात एकदोनदा येऊन गेला. पण संध्याकाळी तिनं पदर खोचला आणि भावाला सांगितलं, "उद्यापासून पहिली वाटी अळणी वाढायची."

अळणी म्हणजे नुसतं हळद, आलं आणि चिमूटभर मीठ घालून मटण शिजवलेलं पाणी. घरोघरी ते लेकरांसाठी आणि आजाऱ्यांसाठी आधी बाजूला काढतात, मग उरलेल्यात मसाला पडतो.

"गाडीवान काय आजारी हायत?" भाऊ वैतागला. "तिखटाबिगर त्यांच्या घशाखाली घास उतरत न्हाई."

"उतरंल. तू फक्त जाळ मंद ठेव."

दुसऱ्या दिवशी ती पातेलं घेऊन थेट रस्त्यावर उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "दादा, जेवा कुठंबी. ही वाटी तेवढी पिऊन जावा. पैसं नकोत."

काही हसले, काही नुसतेच पुढं गेले. एका म्हाताऱ्या गाडीवानानं मात्र फुकटचं कशाला सोडा म्हणून वाटी तोंडाला लावली. वाटी रिकामी झाली. त्यानं मिशा पुसल्या आणि वाटी पुन्हा पुढं केली.

त्याचे सोबती पलीकडच्या पंगतीला बसले होते, म्हणून तोही तिकडं गेला. पण बसल्या बसल्या मालकाला म्हणाला, "आधी अळणी आणा."

"आमच्याकडं अळणी नसतं."

"मसाला पडायच्या आधी असणारच की."

पंगत हसली आणि सगळेच अळणी मागू लागले. मालकानं बरीच टाळाटाळ केली, पण शेवटी त्याला वाट्या आणाव्याच लागल्या. वाट्यांच्या आधी अळणीचा उग्र वास येऊन पोचला. म्हाताऱ्यानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"हेच मी मागल्या खेपेला मिटक्या मारत खाल्लं व्हय?" तो म्हणाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. एकेक करून पंगत उठली.

त्या दिवसापासून खानावळवालीचं पातेलं रोज तळापर्यंत रिकामं होऊ लागलं. सगळे काही मटणच खायला आले नाहीत. ज्यांना ते परवडेना, ते तिच्याकडं पिठलं-भाकरी पोटभर जेवले. त्यात कसलाच कमीपणा नव्हता. पिठलं निदान पिठलं म्हणूनच वाढलं जात होतं.

पुढच्या बाजाराला ती धनगराकडं गेली, तर पलीकडचा मालक आधीच तिथं उभा. किंमत ऐकून त्याचा चेहरा उतरला होता.

"एवढा महाग बोकड घेऊन तुम्हाला परवडतं कसं, बाई?" त्यानं विचारलं.

"फोडी कमी वाढते," ती म्हणाली. "पण कुणी पातेल्यावरचं झाकण उचललं, तर छातीत धडधडत न्हाई."

त्यानं मान खाजवली. मग त्यानं कनवटीची पिशवी सोडली आणि धनगराला म्हणाला, "तो डोंगरावरचा दाखवा."

तात्पर्य एवढंच: महाग घ्यायचं की स्वस्त, हा प्रश्न नंतरचा. जे घ्याल ते न झाकता वाढता आलं पाहिजे; आणि तसं वाढता यावं म्हणून मोजलेला दाम कधीच जास्त नसतो.