भिवराबाईचं ‘आलेच’

सांगा बरं बाळांनो, दारात दोन आया उभ्या राहिल्या. नाक तेच, नथ तीच, लुगडंही तेच. एकीला हाक मारली की ती म्हणते, “आलेच!” दुसरीला हाक मारली की ती म्हणते, “आत्ता नाही येत, जा.” तर विश्वास कुणावर ठेवायचा?

पहिलीवर? सगळे असंच म्हणतात. बाजारातही माणूस गोड बोलणाऱ्याच्याच दुकानात आधी शिरतं, मग घरी येऊन कापड झटकून बघतं. उत्तराची घाई नको. आधी गोष्ट ऐका. गजू, पांघरूण सगळं ओढू नकोस, शकूलाही दे.

तर एकदा काय झालं, एका राजाच्या पेठेत भिवरा नावाची एक रंगारीण राहायची. तिच्यासारखा निळा रंग दुसऱ्या कुणाला साधत नसे. निळीच्या रांजणातून कापड वर काढलं की आधी हिरवट दिसायचं, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं निळं होत जायचं. लोक नुसतं ते बघायला उभे राहायचे. भिवराचे हात कोपरापर्यंत निळे. तिनं भाकरी थापली की भाकरीवर निळी बोटं उमटायची. तिचा नवरा हैबती मळ्यात भाजी पिकवायचा, घरी चूलही सांभाळायचा. तो म्हणायचा, “आमच्या भाकरीवर छाप असतो. चोरीला गेली तरी ओळखू येईल.” आणि त्यांची लेक ठकू. ती छापाची भाकरी सोडून दुसरी खायचीच नाही.

आणि गावामागं नदीचा एक डोह होता. भिवरा लहानपणापासून त्यात पोहायची. डोह तिच्याशी बोलायचा, बरं का. सगळ्यांशी नाही बोलायचा. जो उताणा पोहतो त्याच्याशीच, कारण त्याचे कान पाण्यात असतात ना! आणि एकदा ओळख झाली की मग लांबूनही हाक मारायचा. तिथं भिवरा रंगारीण नसायची, कुणाची आई नसायची, नुसती भिवरा असायची. आकाशाकडं बघत तरंगायची.

मग झालं काय, राजाला तिचा निळा रंग फारच आवडला. दरबाराचे पडदे निळे, हत्तीची झूल निळी, आणि आता राजकन्येच्या लग्नाचा शालू निळा. भिवराचे हात सारखे रांजणात. आणि नेमक्या त्याच वेळी हाका यायच्या.

राजाचा शिपाई दारातून ओरडायचा, “भिवराबाई, महाराजांनी बोलावलंय!”

भिवरा म्हणायची, “आलेच!”

घरातून ठकू ओरडायची, “आई, वेणी घाल ना!”

“आलेच गं!”

वाऱ्यावरून डोह हळूच म्हणायचा, “भिवरा, पाणी छान निवलंय. येतेस?”

“आलेच रे!”

आणि हात पुन्हा रांजणात. खोटं बोलत नव्हती हं ती. प्रत्येक वेळी तिला खरंच जायचं असायचं. तिन्हीकडं जायचं असायचं, हीच तर अडचण.

आमच्या पेठेत एक कापडवाला होता. जेवायला जाताना गादीवर पगडी ठेवून जायचा. गिऱ्हाइकाला वाटावं, शेटजी इथंच कुठंतरी आहेत. लोक पगडीला नमस्कार करून बसून राहायचे. पुढं पुढं म्हणे ती पगडीच भाव सांगायला लागली, आणि शेटजींपेक्षा बरा सांगायची! ते जाऊ दे. मुद्दा असा, की रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही.

आता शब्दाची गंमत ऐका. ‘येते’ म्हटलं तर शब्दाला कळतं, अजून निघायचंय. पण ‘आलेच’ म्हटलं की शब्द दचकतो. ‘अगं बाई, आपण तर पोचायला हवं होतं!’ बिचारा साधा असतो तो. बाई निघो न निघो, तो निघतो. जातो आणि वाट बघत बसतो. भिवराचे किती ‘आलेच’ असे निघाले! काही राजवाड्याच्या पायरीवर बसले, काही घराच्या उंबऱ्यावर, काही डोहाच्या काठावर. एकाला चिकटून दुसरा, दुसऱ्याला चिकटून तिसरा. मग त्यांना पाय फुटले. मग हात आले, निळे निळे. मग नाकात नथ आली.

भिवराला याचा पत्ताच नाही.

एक दिवस शालू भर दुपारीच रंगून झाला. वाळत टाकला, आणि भिवरा खुशीत घरी निघाली. म्हटलं, आज लेकीची वेणी घालायचीच. दारात येऊन बघते तर काय! ठकू अंगणात बसलेली, आणि तिच्यामागं वेणी घालायला बसलेली कोण? भिवरा!

“ठकू!” दारातली भिवरा म्हणाली.

ठकू म्हणाली, “थांबा हं मावशी, आई वेणी घालतेय.”

हैबती फुंकणी घेऊन बाहेर आला. एकदा आत बघितलं, एकदा बाहेर. मग अदबीनं म्हणाला, “बाई, रंगाचं काम असेल तर संध्याकाळी या. आमची मंडळी आजकाल कधी नव्हे ती घरात असते.”

“अहो, मी! मीच तुमची मंडळी!”

“मग ती कोण?”

अंगणातली भिवरा गोड हसून म्हणाली, “आलेच!”

हैबती गोंधळला. भिवरा त्याच्याहून गोंधळली. मी आत बसलेय, तर मग बाहेर कोण उभं आहे? डोकं धरून ती राजवाड्याकडं निघाली. म्हटलं, तिथं तरी मला ओळखतील.

वाड्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, “हे काय? आत्ता तर आत गेलात!” भिवरानं वाकून बघितलं. राजापुढं भिवरा हात जोडून उभी! राजा विचारत होता, “शालू कुठं आहे?” ती म्हणत होती, “आलेच, महाराज.” राजा म्हणत होता, “अगं, तू आलीस, शालू कुठाय?” ती म्हणत होती, “आलेच.” राजाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग भिवरा डोहाकडं पळाली. तिथं तर ती आधीच पाण्यावर उताणी तरंगत होती.

आता सांगा, माणसानं जावं कुठं? घरची जागा भरलेली, कामाची जागा भरलेली, आपली अशी एक जागा होती तीही भरलेली. भिवरा काठावरच्या दगडावर बसली. तिनं आपला हात चिमटून बघितला. दुखला. म्हणजे मी आहे. पण मी आहे ती कोण आहे?

“डोहा,” ती म्हणाली, “तू तरी सांग. खरी भिवरा कुठली?”

डोह म्हणाला, “मला आपलं वाटतं, ही पाण्यावरची नसावी. ही गप्पा मारत नाही, बुडत नाही, सूर मारत नाही. आणि गंमत म्हणजे भिजत नाही.”

“भिजत नाही?”

“कोरडी ठणठणीत. तुझा शब्दच असावा हा. शब्द कधी भिजतो का?”

“मग हिला घालवू कशी?”

“ते मला नाही ठाऊक,” डोह म्हणाला. “मी पाणी. पण ज्या तोंडातून निघाली, त्याच तोंडाचं काम असेल.”

मग भिवरानं हाक मारली, “ए, ये इकडं!”

ती म्हणाली, “आलेच!” आणि आली नाही.

भिवरा ओरडली, “नीघ इथून!”

“आलेच!” गेली नाही.

भिवरानं शेवटी हात जोडले. “बाई गं, तू आहेस तरी कोण?”

“आलेच!”

काय बोलायचं आता हिच्याशी!

तेवढ्यात शिपाई धापा टाकत आला. “भिवराबाई, तुम्ही इथं? तिथं पण तुम्हीच! महाराज चिडलेत, चला लवकर!”

तेवढ्यात केस मोकळे सोडून ठकू पळत आली. डोळ्यांत पाणी. “ती आई नुसतं ‘आलेच’ म्हणते, वेणी होतच नाही! तेलात हात बुडवते, पण माझ्या केसांना तेल लागतच नाही. आणि भाकरीवर बोटं नाहीत तिची. तू कोण आहेस? तू तरी आई आहेस का?”

आणि तेवढ्यात डोहसुद्धा म्हणाला, “भिवरा, आलीच आहेस तर ये ना पोहायला.”

तिन्ही हाका एकदम. जिभेला सवय लागलेली. भिवराचं तोंड आपोआप उघडलं, “आ…”

आणि पाण्यावरच्या भिवरानंही तोंड उघडलं, भुकेल्या पिलासारखं. जराशी फुगलीसुद्धा!

भिवरानं पटकन ओठ मिटले. आलं तिच्या लक्षात. अगं बाई, हिला मीच खाऊ घालत होते! तोंडात आलेला शब्द तिनं गिळला. कडू लागला, पण गिळला. मग शिपायाकडं वळून म्हणाली,

“आज येत नाही. शालू वाळत घातलाय. उद्या सकाळी घेऊन येते, असं महाराजांना सांग.”

शिपायाचा भाला हातातून पडला. राजाला ‘नाही’? पेठेत असं कुणी म्हटलंच नव्हतं कधी. पण तिकडं दरबारात काय झालं, राजासमोरची भिवरा ‘आलेच’ म्हणायला गेली, आणि कापराच्या वडीसारखी उडून गेली. राजा सिंहासनाखाली वाकून शोधत बसला.

मग भिवरा डोहाला म्हणाली, “तुझ्याकडंही आत्ता नाही रे. परवा दुपारी येईन.”

डोह रुसला. काठावर एक लाट आपटली त्यानं. पण पाण्यावरची भिवरा बुडबुड्यासारखी फुटली, आणि पाणी मोकळं झालं.

ठकू हे सगळं बघत होती. हळूच जवळ आली. “मला कडेवर घे.”

आता काय म्हणावं? लेक रडतेय. ‘हो’ म्हणायला तोंड आसुसलेलं. पण सकाळपासून ओल्या शालूचं ओझं उपसून पाठीचे तुकडे पडलेले. भिवरा म्हणाली, “कडेवर नाही घेत गं. पाठ मोडलीय माझी. बोट धर.”

ठकूनं तिच्याकडं टकामका बघितलं. मग टाळीच पिटली. “हीच आई! ती बाई कधी ‘नाही’ म्हणतच नाही!”

आणि बोट घट्ट धरलं. बोट ओलसर होतं. ठकूच्या मुठीला नीळ लागली.

दोघी घरी आल्या. उंबऱ्यात ती तिसरी उभीच होती. हैबती चुलीपाशी डोकं खाजवत बसला होता. दोघींना बघून म्हणाला, “आता एवढं तरी सांगा, पानं किती मांडू?”

भिवरा त्या तिसरीसमोर उभी राहिली. तिला राग नाही आला, बरं का. वाईटच वाटलं. बिचारी इतके दिवस आपल्या जागी बसून राहिली. हाका झेलल्या, कोरड्या हातांनी का होईना, वेणी घालू बघत राहिली. भिवरा हळूच म्हणाली, “बस कर आता. आले मी.”

आणि उंबरा ओलांडून आत आली.

तिसरीनं एक लांब श्वास सोडला. एवढ्याचसाठी तर थांबली होती. हसली, आणि दुपारच्या उन्हात विरून गेली.

हैबती म्हणाला, “म्हणजे तीनच पानं.” आणि परातीत पीठ काढून भिवरापुढं सरकवलं. “आज भाकरी तू थाप. छापाची.”

दुसऱ्या दिवशी भिवरा शालू घेऊन राजाकडं गेली. राजा गुरगुरला, “काल मला नाही म्हणालीस?”

भिवरा म्हणाली, “महाराज, ‘आलेच’ म्हणणारी पाहिजे असेल तर ती काल उडून गेली. शालू आणणारी पाहिजे असेल तर ती ही उभी आहे.”

राजानं शालू उलगडला. उजेडात धरला. राजे लोक चूक झाली असं म्हणत नाहीत, नुसते खोकतात. तसा तो खोकला. पण पुढच्या खेपेपासून शिपाई निरोप आणायचा तो असा, “भिवराबाई, कधी जमेल ते विचारलंय.”

तिसऱ्या दिवशी ती डोहावर गेली. ठकू मागं लागली, “मला पण ने!”

“आज नाही. आजची वेळ माझी एकटीची.”

ठकूनं गाल फुगवले, हैबतीच्या मळ्यात जाऊन चार कोवळ्या काकड्या रागारागानं खाल्ल्या. आणि भिवरा पाण्यावर उताणी पडून इतका वेळ आकाश बघत राहिली, की डोहच म्हणाला, “जा आता, घरी वाट बघत असतील.”

मग सगळं सुरळीत झालं का? छे! गोंधळ व्हायचाच. राजवाड्यात जायच्या दिवशी ती डोहावर जायची, वेणी घालताना रांजण आठवायचा, पोहताना ठकू आठवायची. कधी ठकू रुसायची, कधी राजा खोकायचा, कधी डोह लाट आपटायचा. तिघंही एका दिवशी खूश, असं कधी झालंच नाही. पण गोंधळलेली भिवरा एकच असायची, आणि जिथं असायची तिथं भिजलेली असायची.

राजकन्येचं लग्न झालं, तिच्या शालूची तारीफ सात पेठांत झाली. ठकूच्या केसांना तेल लागलं, भाकरीवर बोटं उमटली. जशी ती मंडळी आपापल्या जागी सुखानं नांदली, तशी तुम्हीही नांदा.

आता सांगा, विश्वास कुणावर? बरोबर. जिला ‘नाही’ म्हणता येतं, तिच्याच ‘हो’ला वजन.

चला, मिटा डोळे. आणि गजू, काल तू ‘झोपलोच’ म्हणालास आणि पांघरुणाखाली खुसखुसत होतास. असं करू नये. तुझ्या जागी तो शब्दच झोपेल, आणि सकाळचं सायीचं दूध तोच पिऊन जाईल. जागे असाल तर जागे म्हणा, कुणी रागावणार नाही. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण तोंडातून किती शब्द गेले आणि त्यांच्यामागं आपण किती गेलो, एवढा हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा, बाळांनो.